३५ एचपीचा ट्रॅक्टर आणि घास कापायचं ड्रम मोवर : नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४
राहुरी तालुका, मुळा उजव्या कालव्याखालची काळी जमीन. आमच्या गटात ९ कुटुंबं, मिळून १४ एकर लसूणघास (बहुतेक आरएल-८८) आणि ६ एकर ओट. हिवाळ्यात घास इतका येतो की गायांना खाऊन उरतो. मे महिन्यात कालव्याचं आवर्तन लांबलं की हाच घास विकत मिळत नाही. म्हणून यंदा उरलेला घास वाळवून ठेवायचं ठरलं आहे.

अडचण कापणीची आहे. वाळवायचा घास दोन-चार एकर एकदम पडला पाहिजे, म्हणजे सगळा एकाच दिवशी सुकतो. विळ्याने एकराला ७-८ बाया लागतात आणि कांदा लागवडीच्या दिवसांत तेवढ्या मिळत नाहीत. रोजचा हिरवा घास मावशी आणि त्यांच्या चौघीच कापतील, यंत्र फक्त वाळवणीच्या पट्ट्यांसाठी. हे त्यांच्याशी आधी बोलून घेतलं.

घरचे ट्रॅक्टर दोन. गटाचा ३५ एचपीचा, १२ वर्षांचा. आणि तात्यांचा २४ एचपीचा छोटा, डाळिंबाच्या बागेतला. विक्रेता म्हणतो, २.१ मीटरचं डिस्क मोवर घ्या आणि त्याला ५० एचपीचा नवा ट्रॅक्टर जोडा. नवा ट्रॅक्टर घ्यायची ऐपत नाही आणि माझ्या मते गरजही नाही. पण "माझ्या मते" एवढ्यावर नऊ घरांचे पैसे लावता येत नाहीत. आकडे काढायचे.

६ नोव्हेंबर
पहिला गोंधळ बॉनेटवरच्या आकड्याचा. ३५ एचपी ही इंजिनाची ताकद. मोवर थेट इंजिनावर चालत नाही, ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे जोडलेल्या यंत्राला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतं. मधल्या गिअरमध्ये काही ताकद जाते. साधारण ८५ ते ९० टक्के पीटीओपर्यंत पोहोचते. आमच्या ३५ चे मी ३० धरले, तात्यांच्या २४ चे २०.

अंदाजावर राहायचं नसेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेचे अहवाल पाहावेत. त्यात मॉडेलवार पीटीओची ताकद, लिफ्टची क्षमता, वजन, डिझेलचा खप सगळं मोजलेलं असतं. गरम हवेतली चाचणीही वेगळी दिलेली असते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी तोच आकडा खरा. ट्रॅक्टर घेताना आम्ही कुणीच तो अहवाल मागितला नव्हता.

आता यंत्राची भूक. कृषी अभियंते वापरतात ते ढोबळ आकडे असे : कात्रीसारखं चालणाऱ्या कटरबारला कापणीच्या रुंदीच्या दर मीटरला सुमारे १.२ किलोवॅट, फिरत्या पात्यांच्या डिस्क मोवरला ५ किलोवॅट, आणि डिस्कसोबत देठ चेपणारे रोलर असले तर ८ किलोवॅट. ड्रम मोवरही फिरत्या पात्यांचंच, म्हणून त्यालाही ५ धरले.

१.६५ मीटरचं दोन ड्रमचं मोवर : १.६५ × ५ = ८.२५ किलोवॅट. हे फक्त कापायला. ट्रॅक्टरला स्वतःला आणि मोवरला ओढत न्यायलाही ताकद लागते. ट्रॅक्टर १,९०० किलो, मोवर ३८० किलो, घट्ट रानात ताशी ८ किलोमीटर : चाकांना सुमारे ४ किलोवॅट, गिअर आणि चाकाची घसर धरून पावणेपाच. बेरीज १३. ट्रॅक्टर कायम काठावर चालवायचा नसतो. आडवा पडलेला घास आला, ओली जागा आली, तर हाताशी ३० टक्के शिल्लक हवी. १३ ला ०.७ ने भागलं तर साडेअठरा किलोवॅट, म्हणजे पीटीओवर सुमारे २५ एचपी (१ एचपी = ०.७३५५ किलोवॅट).

आमच्याकडे ३० आहेत. बसतं.

२.१ मीटरच्या डिस्क मोवरचं असंच गणित केलं तर ३० एचपी येतात. म्हणजे ३५ चा ट्रॅक्टर अगदी काठावर. विक्रेता चुकीचं सांगत नव्हता, त्या यंत्राला ४५-५० चाच ट्रॅक्टर हवा. त्याने प्रश्न उलटा धरला होता एवढंच. आधी यंत्र ठरवून त्याला ट्रॅक्टर शोधायचा, की दारात उभ्या ट्रॅक्टरला शोभेल एवढं यंत्र घ्यायचं? आम्हाला दुसरं हवं आहे.

७ नोव्हेंबर
रात्री अण्णांनी विचारलं, कटरबारला एवढी कमी ताकद लागते तर तोच का नको? प्रश्न रास्त आहे. १.५ मीटरचा कटरबार २ किलोवॅटच्या आत चालतो, तात्यांचा छोटा ट्रॅक्टरही तो आरामात फिरवेल. काप स्वच्छ, देठ चिरडत नाही, किंमतही कमी.

पण आमचा घास पाणी दिल्यावर आडवा होतो, आणि आडव्या घासात कटरबारची बोटं तुंबतात. पात्यांच्या त्रिकोणी दातांना दर दोन-तीन एकरांनी धार लावावी लागते. त्यात कालव्याकडच्या दोन पट्ट्यांत खडे आहेत. एक खडा दोन दातांत सापडला की काम थांबलं. ज्याचं रान स्वच्छ आणि पीक उभं, त्याने मात्र कटरबारच घ्यावा, असं मी अण्णांना सांगितलं. फक्त ओट असते तर मीही तोच घेतला असता.

१० नोव्हेंबर
तात्यांना वाटतं मोवर त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरला लागावं. तो वजनाने हलका, घास कमी तुडवतो, डिझेलही कमी पितो. त्यांच्यासाठी वेगळं गणित केलं. ट्रॅक्टर ९०० किलोचा असल्याने ओढायला कमी ताकद लागते. सगळं धरून पीटीओवर २१ एचपीच्या थोडं वर जातं. त्यांच्याकडे २०. थोडं हळू चालवलं तर चालेल, असं कोणीही म्हणेल.

पण इथे एचपीचा हिशेब संपतो आणि तराजूचा सुरू होतो. मोवर लिफ्टवर उचललं की त्याचं वजन मागच्या आसाच्या साधारण दीड मीटर मागे लटकतं. मागचा आस म्हणजे तराजूचा काटा, आणि मागे जेवढं लटकेल तेवढं पुढचं चाक हलकं होतं. ३८० किलो गुणिले १.५, भागिले पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर १.५५ मीटर : पुढून ३६८ किलो कमी होणार. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात ३६० किलो. म्हणजे स्टिअरिंग हातात, पण चाकं हवेत.

आमच्या ३५ चं : आसांतलं अंतर १.९ मीटर, पुढून ३०० किलो कमी, ७६० चे उरतात ४६०. सुरक्षित चालवायला एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या चाकांवर हवेत, ते होतात ४५६. कागदावर जेमतेम बसतं. खरं वजन काट्यावरच करावं लागेल.

(२.१ मीटरचं ५०० किलोचं डिस्क मोवर आमच्या ट्रॅक्टरला लावलं असतं तर पुढे ३६५ किलो उरले असते, हवेत ४८०. नुसत्या एचपीवर गेलो असतो तर "काठावर का होईना, चालतंय" म्हणून घेतलंही असतं. ते आता विचारातून गेलं.)

२४ नोव्हेंबर
१.६५ मीटरचं ड्रम मोवर आलं. दोन ड्रम, प्रत्येकी तीन पाती, ड्रम फिरतात व्ही-बेल्टवर.

पीटीओ शाफ्ट लांब निघाला. मोवर जमिनीवर आणि उचललेलं, दोन्ही वेळा मोजलं. पूर्ण आखडला तरी आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला टेकता कामा नये, आणि पूर्ण ताणला तरी दोन्ही नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश राहायला हव्यात. फिटरने दोन्हीकडून ६-६ सेंटीमीटर कापून कडा कानशीने घासून दिल्या. शाफ्टवरचं प्लास्टिकचं गार्ड साखळीने बांधलं. गार्डशिवाय हे यंत्र कुणीही चालवायचं नाही, हे आज सर्वांसमोर ठरलं. पदर असो, उपरणं असो, फिरता शाफ्ट एकदा धरला तर सोडत नाही.

२५ नोव्हेंबर
वजनकाट्यावर गेलो. काटा १० किलोच्या पटीत दाखवतो.

मोवरशिवाय, तात्या सीटवर : एकूण १,९४०, पुढची चाकं ७४०.
मोवर उचलून : एकूण २,३२०, पुढची चाकं ४४०. म्हणजे १९ टक्के. कागदावर बसलेलं काट्यावर बसलं नाही.

पुढच्या बंपरला २०-२० किलोची चार वजनं लावली. पुन्हा काट्यावर : एकूण २,४००, पुढे ५४०. साडेबावीस टक्के. ८० किलो लावले आणि पुढची चाकं १०० किलोने जड झाली, कारण वजनं पुढच्या आसाच्याही पुढे आहेत. तात्यांनी येताना कालव्याच्या चढावर मुद्दाम ट्रॅक्टर थांबवून पाहिला. स्टिअरिंगला पकड आहे.

२६ नोव्हेंबर
पहिली कापणी. अण्णांचा पट्टा, दव उडाल्यावर दहाला सुरुवात. मोवर उजव्या हाताला असल्याने उभा घास कायम उजवीकडे ठेवायचा, म्हणजे पट्ट्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायचं. पहिल्या फेरीत तुडवलेला बांधाकडचा घास शेवटी उलट्या दिशेने उचलायचा.

घास पडला, पण मावशींनी खाली वाकून दोन खोडक्या हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "हे कापलं नाही रे, ओढून तोडलंय." खरंच, टोकं पिंजलेली. विळ्याच्या कापाची खोडकी तिरपी, गुळगुळीत असते. पिंजलेल्या खोडकीतून फुटवा उशिरा येतो, हे त्यांना ३० वर्षांच्या कापणीतून माहीत आहे.

तात्या डिझेल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवून वरच्या गिअरमध्ये चालवत होते, ट्रॉली ओढताना चालवतात तसं. हातातल्या टॅकोमीटरने पीटीओ मोजला : ४६२ आरपीएम (मिनिटाला फेरे). हवेत ५४०. हे पातं धारेपेक्षा वेगाने कापतं. पीटीओ ५४० असला की आमचे ड्रम सुमारे १,८०० ने फिरतात आणि पात्याचं टोक सेकंदाला ७८ मीटर धावतं. ४६२ वर ते ६७ वर येतं. तेवढ्या वेगात कोवळा, ओला घास पात्यापुढे वाकतो आणि मग फाटतो.

थ्रॉटल ५४० च्या खुणेवर, गिअर एक पायरी खाली. जमिनीवरचा वेग तेवढाच राहिला. भरल्या घासात मोजलं : ५२५. ताकद पुरते याची मला हवी होती ती खूण हीच. बोजा आल्यावर आरपीएम थोडं उतरून तिथेच टिकलं, घसरत गेलं नाही. मावशींनी पुन्हा खोडकी उचलली आणि मान हलवली.

२८ नोव्हेंबर
बेल्टचा वास आला. नवे बेल्ट पहिल्या दोन-चार तासांत ताणतात, पुन्हा आवळावे लागतात. बेल्ट घसरला तर पीटीओ ५४० दाखवतो आणि ड्रम मात्र कमी फिरतात. म्हणजे ताकद ट्रॅक्टरात असूनही पात्यापर्यंत पोहोचत नाही. इंजिन सैल आहे आणि काप पिंजतोय, असं दिसलं की आधी बेल्ट बघायचा.

काप फार खालून जात होता. लसूणघासाला ६-७ सेंटीमीटरची खोडकी हवी, बुडखा सोलला की पुढची कापणी पातळ येते. ड्रमखालच्या तबकडीखाली उंची वाढवायच्या चकत्या बसवल्या.

७ डिसेंबर
आज वाईट झालं असतं. पट्ट्याच्या टोकाला तात्यांनी क्लच दाबला आणि ट्रॅक्टर थांबायच्या ऐवजी पुढे सरकला, बांधावर चाक चढलं. ब्रेक दाबून थांबवला. बांधापलीकडे अण्णांचा नातू उभा होता.

कारण आमच्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. फिरते दोन जड ड्रम म्हणजे मोठं चक्र. इंजिन सुटल्यावर ते उलट चाकांना ढकलत राहतं. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात अर्धा क्लच दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओ फिरत राहतो, तिथे हा प्रकार होत नाही.

हे मला आधी सुचायला हवं होतं. एचपी मोजला, वजन मोजलं, क्लचकडे पाहिलंच नाही. उपाय साधा आहे. पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने ओढणारा ओव्हररनिंग कपलर. ट्रॅक्टर यंत्राला फिरवतो, यंत्र ट्रॅक्टरला ढकलू शकत नाही. काही मोवरना तो पुलीतच असतो, आमच्याला नाही. कपलर येईपर्यंत काम बंद. बसवल्यावर शाफ्टची लांबी पुन्हा मोजायची, कारण कपलर ८-१० सेंटीमीटर खातो.

आणखी एक नियम : मोवर चालू असताना ५० मीटरच्या आत कुणी नको, लहान मूल तर नकोच. सेकंदाला ७८ मीटर धावणाऱ्या पात्याने उडवलेला खडा मोवरचा ताडपत्रीचा पडदा प्रत्येक वेळी अडवेल याचा भरवसा नाही.

१२ डिसेंबर
कपलर बसला. तात्यांनी वळणावर दहा वेळा क्लच दाबून पाहिला. ट्रॅक्टर जागीच उभा राहतो, ड्रम आपल्या मनाने हळूहळू थांबतात. थांबायला वेळ लागतो, म्हणून ड्रम थांबलेले दिसेपर्यंत खाली उतरायचं नाही.

तात्यांना छोट्या ट्रॅक्टरचं खात्रीने पाहायचंच होतं. सपाट ओट्यावर मोवर लावून चार बोटं उचललं. पुढचे टायर सुटले. त्यांनी स्वतःच लिफ्ट खाली घेतली. आता तो ट्रॅक्टर वाळलेला घास वाहायला, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

९ जानेवारी २०२५
डिझेल मोजलं. टाकी तोंडापर्यंत भरून, काम करून, त्याच सपाट जागी परत तोंडापर्यंत. अडीच एकर, १ तास ५० मिनिटं, ५.४ लिटर. एकराला सव्वादोन लिटरच्या आत, तासाला सुमारे ३ लिटर.

डिझेलवर समाधान आहे, वेळेवर नाही. १.६५ मीटर रुंदी आणि ताशी ८ किलोमीटर, म्हणजे तासाला सव्वातीन एकर व्हायला हवेत. झाले १.३६. अर्ध्याहून जास्त वेळ वळणांनी आणि वरंब्यांनी खाल्ला. आमचे सारे, म्हणजे वरंब्यांमधले पट्टे, विळ्यासाठी आणि पाण्यासाठी आखलेले, अरुंद आणि आखूड. मोठा ट्रॅक्टर घेतला असता तर इथे तोही दर ४० मीटरला वळत बसला असता.

अण्णांच्या मळ्यातला लांब पट्टा, १८० मीटर, एकच सलग : तिथे तासाला २.१ एकर झाले. तोच ट्रॅक्टर, तेच मोवर, तोच गिअर.

अमरवेल (घासावर जगणारी परजीवी वेल) : मळ्याच्या कोपऱ्यात सापडली. तो भाग विळ्याने कापून जाळला. यंत्र तिथे न्यायचं नाही, आणि चुकून गेलंच तर धुतल्याशिवाय दुसऱ्या पट्ट्यात नाही. तुकड्या-तुकड्याने ती सगळीकडे पसरेल.

२८ जानेवारी
वाळवणीबद्दल, कारण यंत्राच्या निवडीशी त्याचा संबंध आहे. ड्रम मोवर घास दोन ड्रमच्या मधून मागे सोडतं, त्यामुळे जाड, अरुंद ओळ पडते. डिस्क मोवर तो पसरून टाकतं. जाड ओळ वरून कुरकुरीत आणि खालून हिरवी राहते. कापल्यावर लगेच दाताळ्याने पसरावा लागतो. हे कष्ट खरेदीच्या वेळी मी हिशेबात धरले नव्हते. एकराला दोन माणसांचं दोन तासांचं काम.

दुसऱ्या दिवशी उलटायचा तो सकाळी, दव असताना, पानं मऊ असतात तेव्हा. दुपारी उलटला तर पानं गळून मातीत जातात आणि गाईला नुसत्या काड्या उरतात. घासाची प्रथिनं पानात आहेत.

ओलावा : १०० ग्रॅम नमुना मायक्रोवेव्हमध्ये थोडा-थोडा तापवून वजन घटायचं थांबेपर्यंत. शेजारी पाण्याचा पेला. आज ८२ ग्रॅम उरले, म्हणजे १८ टक्के ओलावा. एक दिवस आणखी ऊन दिलं. ओला रचला तर गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. मावशी देठ पिळून, नखाने साल खरवडून सांगतात. साल सुटली की ओला. त्यांचा अंदाज आणि मायक्रोवेव्ह यांत आज फरक पडला नाही.

१६ फेब्रुवारी
पलीकडच्या वाडीतले एकजण विचारायला आले. त्यांचा ४५ एचपीचा, डबल क्लच, इकॉनॉमी पीटीओवाला. कमी इंजिन आरपीएमवर ५४० मिळतात, मोवरसारख्या हलक्या बोज्याला ते सोयीचं आहे, डिझेल वाचतं. त्यांना २.१ मीटरचं डिस्क मोवर साजेल असं माझं मत दिलं, पण आधी काट्यावर जा म्हटलं. वहीतली वजनाची पानं त्यांना उतरवून दिली. त्यांचं रान सलग आहे, त्यांना रुंद यंत्राचा फायदा मिळेल.

आमचं ठरलं ते असं : ऑक्टोबरच्या पेरणीला नवे सारे ३ मीटर रुंदीचे पाडायचे, दोन फेऱ्यांत एक सारा. १.६५ मधून प्रत्येक फेरीला थोडा पदर सोडला की दीड मीटर उरतात. वरंबे बुटके आणि रुंद, चाक चढलं तरी मोवर हेलकावू नये असे. चार सारे एकत्र केले तर टोकाची वळणं बरीच कमी होतील. तात्यांनी दोरी आणि खुंट्या काढून ठेवल्या आहेत. सहा एकर ओट पुढच्या आठवड्यात फुलोऱ्यात येतील, त्याआधी पाती बदलायची आहेत. एका ड्रमची तिन्ही एकदम, नाहीतर ड्रम थरथरतो आणि बेरिंग जातं.